काचेच्या टाकीतला पावसाळा : घरगुती मत्स्यालयातील कॅटफिशचे प्रजनन

घरगुती मत्स्यालयात कॅटफिश बहुधा सफाई कामगार म्हणून दाखल होतो. गोल्डफिश, एंजल किंवा टेट्रा निवडून झाले की तळ स्वच्छ राहावा म्हणून दुकानदार दोन-तीन मिशाळ मासे पिशवीत घालून देतो. त्यानंतर त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण कधी तरी आठवड्याची साफसफाई करताना टाकीत नेहमीपेक्षा जास्त आणि थोडे गार पाणी पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर मोहरीएवढ्या पारदर्शक मण्यांची रांग चिकटलेली दिसते. ती अंडी असतात. घरातल्या माणसाने केवळ पाणी बदललेले असते. माशाच्या लेखी मात्र पाऊस पडलेला असतो.

कॅटफिशच्या प्रजननाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. महागड्या उपकरणांपेक्षा ऋतूची चाहूल या माशांना अधिक महत्त्वाची वाटते. ती चाहूल काचेच्या चार भिंतींत कशी निर्माण करायची, अंडी आणि पिले कशी जपायची आणि जगलेल्या पिलांची जबाबदारी कुठवर पुरते, हे समजून घेतल्यास हा छंद आनंदाचा ठरतो. त्यातला शेवटचा प्रश्न दुर्लक्षिला गेला, तर त्याची किंमत घराबाहेरच्या नद्या आणि तलावांना मोजावी लागते.

मिशाळ माशांचे मोठे कुळ

तोंडाभोवती मिशांसारख्या स्पर्शिका असलेल्या माशांना कॅटफिश म्हटले जाते. जगभरात त्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. भारतीय वाचकाला हे कुळ परके नाही. मागूर, शिंगी, शिवडा, टेंगरा हे सारे कॅटफिशच. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग मर्यादित असल्याने हे मासे मिशांनी चाचपत, चव आणि गंध घेत अन्न शोधतात. म्हणूनच टाकीच्या तळाशी टोकदार खडी असली की त्यांच्या मिशा झिजतात, जंतुसंसर्ग होतो आणि असा मासा विणीला येत नाही. प्रजननाची तयारी तळाच्या बारीक, गुळगुळीत वाळूपासून सुरू होते, ती यासाठी.

पावसाचे आणि माशांच्या विणीचे नाते कोकणातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मृगाच्या सरींनी ओढे-नाले वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि शेताडीत, उथळ पाण्यात अंडी घालतात. ‘चढणीचे मासे’ किंवा ‘वलगणीचे मासे’ म्हणून ओळखले जातात ते हेच. दक्षिण अमेरिकेतील नद्यांतही असेच घडते. पावसाने पाण्याचे तापमान उतरते, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण घटते, नदी काठ ओलांडून जंगलात आणि गवताळ भागात पसरते. नव्याने भिजलेल्या जमिनीवर सूक्ष्मजीवांची आणि चिमुकल्या कवचधारी प्राण्यांची रेलचेल होते. पिलांना अन्न आणि लपायला जागा, दोन्ही एकाच वेळी मिळतात. त्या काळात जन्मलेली पिले जास्त जगली, आणि म्हणून पावसाची खूण ओळखणाऱ्या माशांचाच वंश पुढे चालत राहिला.

ही खूण माशाच्या शरीरात संप्रेरकांच्या मार्गाने काम करते. बाहेरील बदलांची जाणीव मेंदूला होते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते आणि अंडाशयातील तयार अंडी पक्व होऊन बाहेर पडतात. भारतीय मत्स्यविज्ञानाच्या इतिहासात याच ग्रंथीला मानाचे स्थान आहे. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिकेच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले. त्या यशाच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मागुराचे बीजही आज बहुतेक ठिकाणी संप्रेरकांच्या इंजेक्शननेच तयार होते आणि त्यासाठी सामान्यतः नराचे पोट उघडून त्याचे वृषण काढावे लागतात. हे काम हौशी माणसाचे नव्हे. घरगुती मत्स्यालयासाठी निवड करायची ती थंड पाण्याच्या सरीनेच विणीला येणाऱ्या जातींची.

निवड : कोणता कॅटफिश घरात शोभेल?

नवख्या व्यक्तीसाठी सर्वांत भरवशाची जात म्हणजे कोरीडोरास गटातील ब्राँझ कोरी. त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागात आढळणारा हा मासा जेमतेम सहा-सात सेंटिमीटर वाढतो. शरीराच्या दोन्ही बाजूंना हाडांच्या तकट्यांच्या दोन-दोन ओळी असल्याने त्याला चिलखती कॅटफिश असेही म्हणतात. तो अधूनमधून झपकन पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्याच्या भिंतीतून प्राणवायू शोषतो. नवा पालक हे पाहून घाबरतो, पण ती त्याची स्वाभाविक सवय आहे. मात्र सर्वच मासे सतत वर येऊ लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे, असे समजावे.

ठिपकेदार पेपर्ड कोरी ही तितकीच जुनी सोबतीण. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजावरील सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये लिओनार्ड जेनिन्स यांनी या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि एकोणिसाव्या शतकातच पॅरिसमध्ये तिचे टाकीत प्रजनन झाले. तिला थोडे गार पाणी मानवते. ज्या शहरांत हिवाळा स्पष्ट जाणवतो, तिथे ती त्या दिवसांत सहज विणीला येते. २०२४ मध्ये या गटाच्या वर्गीकरणाची फेरमांडणी होऊन ब्राँझ आणि पेपर्ड या दोन्ही कोरींची शास्त्रीय प्रजाती-नावे बदलली. बाजारात मात्र जुनी नावेच चालतात.

दुसरा योग्य पर्याय म्हणजे अँसिस्ट्रस, अर्थात ब्रिसलनोज. तोंडाच्या जागी चोषक असलेला हा मासा बारा-पंधरा सेंटिमीटरवर थांबतो. प्रौढ नराच्या नाकाडावर झुडपासारखे मांसल तंतू उगवतात, त्यामुळे नर-मादी ओळखणे सोपे जाते.

येथेच एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. बाजारात ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ या नावाने विकले जाणारे बोटभर लांबीचे पिलू बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचे असते. ते वाढून चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जाते. निसर्गात हा मासा नदीकाठच्या मातीत लांब बिळे खोदून त्यात अंडी घालतो, म्हणून काचेच्या टाकीत तो विणीला येत नाही. तो फक्त मोठा होत राहतो आणि एके दिवशी टाकीत मावेनासा होतो. त्याचे पुढे काय होते, हे या लेखाच्या उत्तरार्धात येईल.

आधी पाणी, मग मासे

प्रजननासाठी ४५ ते ६० लिटरची स्वतंत्र टाकी पुरेशी असते. तिला हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावावा. जोरदार फिल्टरच्या नळीत पिले ओढली जातात. स्पंजमध्ये तो धोका नसतो, उलट त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव पिलांच्या पोटात जातात.

नव्या टाकीत लगेच मासे सोडणे ही सर्वाधिक आढळणारी चूक. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंची वसाहत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीत काही आठवडे चालवलेला स्पंज नव्या टाकीत लावला, तर हा काळ बराच कमी होतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि अंड्यांना घातक असते. पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवावे किंवा बाजारात मिळणारे क्लोरीननाशक वापरावे. जेथे पाणी क्लोरामाइनने शुद्ध केले जाते, तेथे ते नुसते ठेवून उपयोग होत नाही; क्लोरीननाशकच वापरावे लागते. अनेक शहरांत बोअरवेलचे पाणी जड असते. बाजारातील बहुतेक ब्राँझ कोरी अनेक पिढ्या टाक्यांत वाढलेल्या असल्याने त्या मध्यम जड पाण्यातही जगतात, पण विणीच्या वेळी मृदू पाणी उपकारक ठरते. पावसाचे स्वच्छ पाणी किंवा घरातील आरओ यंत्राचे पाणी नेहमीच्या पाण्यात मिसळून ते साधता येते. केवळ आरओचे पाणी मात्र वापरू नये. त्यात आवश्यक क्षारही नसतात आणि त्याचा पीएच अचानक घसरू शकतो. पीएच ६.५ ते ७.५ आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस ही ब्राँझ कोरीसाठी सुरक्षित मर्यादा मानता येईल.

भारतीय उन्हाळा हा या छंदातील खरा अडथळा आहे. पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. पाण्याचा पारा तिशीपलीकडे गेला की तळातले मासे मंदावतात आणि विणीचा विचारही सोडून देतात. टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा खेळता ठेवला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. दमट किनारपट्टीवर हा उपाय कमी प्रभावी ठरतो. एकूण पाहता जून ते फेब्रुवारी हा काळ प्रयत्नांसाठी अधिक अनुकूल.

सर पाडण्याची युक्ती

कोरी हा कळपाने राहणारा मासा आहे. एकच जोडी आणण्याऐवजी सहा-आठ पिले आणून ती एकत्र वाढवावीत. वर्षभरात ती प्रौढ होतात. वरून पाहिल्यास मादी रुंद आणि गोलसर दिसते, नर बारीक आणि थोडा लहान असतो. एका मादीमागे दोन नर असे प्रमाण सर्वसाधारणपणे यशस्वी ठरते.

विणीपूर्वी दोन आठवडे माशांना भरपूर आणि विविध आहार द्यावा. गोठवलेले ब्लडवर्म, आर्टेमिया, बुडणाऱ्या गोळ्या असा दिवसातून दोन वेळा थोडा थोडा खुराक चालतो. जिवंत ट्युबिफेक्स किडे माशांना आवडतात, पण ते बहुधा सांडपाण्याच्या नाल्यांतून गोळा केलेले असतात. दिवसभर वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय ते देऊ नयेत. या दोन आठवड्यांत पाणी थोडे कमीच बदलावे आणि पातळीही किंचित उतरू द्यावी. निसर्गातील कोरड्या ऋतूची ही नक्कल होय.

मादीचे पोट फुगीर दिसू लागले की पाऊस आणायची वेळ होते. टाकीतील निम्मे पाणी काढून त्याजागी मूळ पाण्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी गार, मृदू पाणी सावकाश भरावे. ते झारीने किंवा बारीक छिद्रांच्या डब्यातून शिंपडले, तर पृष्ठभागावर सरींसारखी हालचाल होते आणि प्राणवायूही मिसळतो. पंपाचा जोर वाढवावा. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पहाटेच मादीमागे नरांची धावपळ सुरू होते. तसे न झाल्यास दोन-तीन दिवसांच्या अंतराने हाच प्रयोग पुन्हा करावा. अनुभवी पालक बाहेर खराखुरा पाऊस येण्याच्या बेतात असताना पाणी बदलतात. उतरलेला हवेचा दाबही या माशांना इशारा देतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. बर्फाचे तुकडे टाकून पाणी एकदम थंड करणे मात्र घातक. इशारा द्यायचा आहे, धक्का नव्हे.

निसर्गातील एक अजब रीत

कोरीची समागमाची पद्धत प्राणिशास्त्रातील नवलांपैकी एक आहे. नर आडवा होतो, मादी आपले तोंड त्याच्या पोटाशी लावते आणि दोघांच्या देहांचा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आकार होतो. त्याच वेळी मादी पोटाखालचे दोन पर जोडून ओंजळ करते आणि तीत मोजकी अंडी सोडते. मग ती काच, पानाची मागची बाजू किंवा फिल्टरची नळी शोधते, ती जागा तोंडाने साफ करते आणि अंडी तिथे चिकटवते. हा क्रम कित्येक तास चालतो आणि शंभर ते दोन-तीनशे अंडी जमा होतात.

प्रश्न असा होता, की नराचे शुक्राणू अंड्यांपर्यंत पोहोचतात कसे? जपानी संशोधक मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ब्राँझ कोरीचा अभ्यास करून याचे उत्तर मांडले. मादी शुक्राणू गिळते, ते तिच्या आतड्यातून अतिशय वेगाने, जिवंत अवस्थेत पुढे जातात आणि ओंजळीतील अंड्यांवर सोडले जातात. वाहत्या पाण्यात शुक्राणू विखरून जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

अंड्यापासून पिलापर्यंत

अंडी चिकटवून झाली की कोरीचे मातृत्व संपते. थोड्याच वेळात हेच मासे अंडी वेचून खाऊ लागतात. त्यामुळे एक तर मोठे मासे बाहेर काढावेत किंवा अंडी हलवावीत. पहिल्या दिवशीच्या सायंकाळपर्यंत अंड्यांचे कवच टणक होते. तेव्हा बोटाने हलकेच लोटून किंवा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने ती अलगद सोडवता येतात. त्याच टाकीचे पाणी भरलेल्या लहान भांड्यात ती ठेवावीत आणि जवळ हवेचे बारीक बुडबुडे सुरू ठेवावेत.

या टप्प्यातील मुख्य शत्रू म्हणजे बुरशी. फलन न झालेले अंडे पांढरे, अपारदर्शक होते, त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या निरोगी अंड्यांवर पसरते. फलित अंडे हळूहळू तांबूस-तपकिरी होत जाते. रोज ड्रॉपरने पांढरी अंडी वेचून काढणे हाच सर्वोत्तम उपाय. पाणी फिकट निळे दिसेल इतके मिथिलीन ब्लूचे थेंबही अनेक जण वापरतात. हे औषध फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना मारते, म्हणून ते मुख्य टाकीत कधीही घालू नये. देशी बदामाच्या झाडाची गळलेली, वाळलेली पाने स्वच्छ धुऊन टाकल्यास पाणी चहाच्या रंगाचे होते आणि त्यातील टॅनिन बुरशीला काही अंशी आवर घालते.

साधारण तीन ते पाच दिवसांत पिले बाहेर पडतात. पहिले दोन-तीन दिवस पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर त्यांची गुजराण होते. या काळात अन्न टाकणे म्हणजे पाणी नासवणे. बलक संपल्यावर त्यांना आर्टेमियाची नुकती उबवलेली पिले द्यावीत. आर्टेमियाची अंडी पाकिटात मिळतात. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ घालून, हवा खेळती ठेवून २६ ते २८ अंशांवर ती २४ ते ३६ तासांत उबतात. देण्यापूर्वी गोड्या पाण्यात गाळून धुणे आवश्यक. ओट्सच्या लापशीवर वाढवलेले मायक्रोवर्म हा स्वस्त पर्याय आहे.

अंडी मिळवणे अवघड नसते. पिले जगवणे अवघड असते. बहुतेक अपयशांचे मूळ भुकेत नसून घाणीत असते. तळाशी राहिलेले अन्न कुजते, अमोनिया वाढतो, भांड्याच्या तळावर बुळबुळीत थर जमतो आणि त्यातच वावरणारी पिले एका रात्रीत मरतात. रोज बारीक नळीने तळ साफ करून दहा ते वीस टक्के पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि शक्यतो मोठ्या टाकीतलेच असावे. इथे पुन्हा पाऊस पाडायचा नसतो.

करवंटीतला बाप

ब्रिसलनोजच्या संसाराचे चित्र याच्या अगदी उलट आहे. येथे आई निघून जाते आणि सारे संगोपन बाप करतो. नराला आपल्या अंगाला घट्ट बसेल अशी गुहा लागते. मातीची नळी, पोकळ बांबूचा तुकडा किंवा नारळाची तोंड कापलेली करवंटी, यांपैकी काहीही चालते. नर गुहा साफ करून मादीची वाट पाहतो. तिने केशरी रंगाच्या अंड्यांचा घोस आत घातला की तो तिला हुसकावतो आणि स्वतः दारात ठाण मांडतो. परांनी सतत वारा घालून तो अंड्यांना प्राणवायू पुरवतो आणि तोंडाने ती स्वच्छ ठेवतो. या काळात तो क्वचितच खातो.

नराच्या नाकाडावरील तंतूंबाबत एक लक्षवेधी तर्क १९९९ मध्ये मांडला गेला. मार्क सबाज, जोनाथन आर्मब्रस्टर आणि लॉरेन्स पेज यांच्या मते हे तंतू पिलांचा आभास निर्माण करतात. पिले सांभाळत असलेला नर मादीला अधिक विश्वासार्ह वाटतो आणि ती त्याच्याकडे वळते. म्हणजे बापपणाची खूणच येथे देखणेपणाची खूण ठरते.

पालकाने येथे हस्तक्षेप टाळावा. वारंवार विजेरी मारून पाहिले, गुहा हलवली, तर घाबरलेला नर अंडी बाहेर ढकलतो. पिले मोठ्या बलकपिशवीसह जन्मतात आणि ती संपेपर्यंत गुहेतच चिकटून राहतात. बाहेर आल्यावर वाफवलेली काकडी, दोडका, पालक आणि टाकीतील लाकडाचा ओंडका हे त्यांचे खाद्य. भाजीचे तुकडे चोवीस तासांत काढून टाकावेत. चांगली जोडी महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी देते, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही.

जास्तीच्या पिलांचे काय?

कोरीच्या एका मादीची दोन-तीन विणीतली पिले जगली, तरी घरातील जागा संपते. पिले ओळखीच्या पालकांना देणे, दुकानदाराशी आधीच बोलून ठेवणे किंवा नर-मादी वेगळे करून वीण थांबवणे, हे मार्ग आधीच ठरवायला हवेत. अंडी कमी राखणे हाही एक मार्ग आहे. नेताना आणखी एक काळजी घ्यावी : कोरीच्या परांतील काटे टोकदार असतात, एकावर एक अशा दोन पिशव्या वापरल्या नाहीत तर पाणी गळते.

तळे, विहीर, नदी किंवा मंदिराच्या कुंडात मासे सोडणे हा मार्ग मात्र कधीही नव्हे. जीवदान दिल्याचे समाधान त्यामागे असते, पण परिणाम उलटा होतो. टेरिगोप्लिक्थिस या ‘सकर’ माशाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आज तो पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्रात, केरळमधील कालव्यांत, आंध्र प्रदेशातील जलाशयांत आढळतो. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेतही तो सापडला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी तर पाण्यातील डीएनएच्या अंशांवरून त्याचा माग काढण्याची पद्धत विकसित केली आहे. टणक कवचामुळे त्याला खाणारे फार थोडे. जठरातून हवा घेता येत असल्याने तो पाण्याबाहेरही बराच काळ तग धरतो. त्याची बिळे काठ पोखरतात, काटेरी अंग मच्छीमारांची जाळी फाडते आणि बाजारात त्याला किंमत नसते. त्याच्या प्रसाराचा एक मोठा स्रोत म्हणजे शोभेच्या माशांचा व्यवसाय आणि टाकीत मावेनासे झाले म्हणून सोडून दिलेले मासे.

हा एकमेव अनुभव नाही. ‘थाई मागूर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागुराच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्येच बंदी घातली. हा मांसाहारी मासा स्थानिक जातींवर तुटून पडतो आणि देशी मागुराशी त्याचा संकर होण्याचीही भीती असते. कोरी किंवा ब्रिसलनोज आज तितके उपद्रवी दिसत नाहीत, म्हणून ते सोडणे निर्धोक ठरत नाही. टाकीतील मासा आपल्यासोबत परके परजीवी आणि रोगजंतूही नेतो. टाकीचे पाणी आणि वनस्पतीही गटारात किंवा ओढ्यात न टाकता कोरड्या जमिनीत जिरवणे योग्य.

छंद, व्यवसाय आणि देशी मासे

योग्य रीतीने केलेले प्रजनन पूरक उत्पन्नही देऊ शकते. कोलकाता-हावडा पट्टा आणि चेन्नईचे कोलत्तूर ही शोभेच्या माशांची देशातील प्रमुख केंद्रे अशाच घरगुती टाक्यांतून वाढली. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्य संगोपन केंद्राची तरतूद करण्यात आली. तीत सर्वसाधारण गटासाठी प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के साहाय्याचे सूत्र ठेवले गेले. टाकीतच वाढलेल्या पिलांची मागणी पुरवली गेली, तर निसर्गातून मासे पकडण्याची गरज तेवढी कमी होते.

हा मुद्दा भारतीय जातींसाठी विशेष महत्त्वाचा आहे. पश्चिम घाटातील नद्यांत सापडणारा पिवळसर झाकेचा होराबॅग्रस ब्रॅकिसोमा हा कॅटफिश परदेशातील मत्स्यालयांतही मागणी असलेला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद संकटप्रवण म्हणून आहे. त्याच्या नियंत्रित प्रजननाचे तंत्र भारतीय संशोधकांनी विकसित केले आहे. इथे प्रजनन हा केवळ छंद राहत नाही, संवर्धनाचे साधन होते.

घरातील टाकीत हे सारे लहान प्रमाणात घडते. झारीभर गार पाण्याने माशाला पावसाळा आल्याचे सांगता येते आणि मासा त्यावर विश्वास ठेवून अंडी घालतो. खऱ्या पावसाळ्यात जन्मलेल्या पिलांची सोय नदी करते. काचेतल्या पावसाळ्यात जन्मलेल्या पिलांची सोय तो पाऊस पाडणाऱ्यालाच करावी लागते. झारी हातात घेण्यापूर्वी पिले कुठे जाणार, हे ठरलेले असावे.